गडावर साखळी, गावात मैदान

"आमचा काही करत नाही हो." सकाळी सहा-साडेसहाला अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर हे वाक्य ऐकलं नाही असा सातारकर विरळा. वळणावरून एखादा लॅब्रॅडॉर धावत येतो, त्याच्या मागे शंभरेक पावलांवर मालक, आणि कुत्र्याच्या गळ्यात असायला हवी ती साखळी मालकाच्या हातात गुंडाळलेली. समोरचा माणूस दचकला, बाजूला झाला, की हेच वाक्य पुन्हा येतं, या वेळी जरा नाराजीने. जणू चूक घाबरणाऱ्याचीच.

मालकाचं म्हणणं बहुतेक वेळा खरंही असतं. तो कुत्रा माणसाला काही करत नाही. पण डोंगर फक्त फिरायला येणाऱ्या माणसांचा नाही. टिटवी उघड्या जमिनीवर चार खड्यांच्या आडोशाला अंडी घालते. तित्तर, लावा, रातवा यांची घरटीही जमिनीवरच असतात. लांडोर पावसाळ्याच्या सुमारास झुडपाखाली जमिनीवरच अंडी उबवायला बसते. काहीही न करणारा कुत्रा नाक खाली घालून त्या झुडपात शिरला की ती उठते, आणि ती परत येऊन बसेपर्यंत अंडी कावळ्याला आणि मुंगसाला मोकळी. कुत्रा तोवर शेपूट हलवत रस्त्यावर परतलेला असतो. त्याने खरोखर काही केलेलं नसतं.

म्हणून आमचं मागणं दुहेरी आहे आणि त्याचे दोन भाग वेगळे करू नयेत. साताऱ्याच्या डोंगरांवर कुत्रा सुटा नको, काही ठिकाणी तर कुत्राच नको. आणि हे मागायचं असेल तर गावात कुत्र्याला सुटं धावता येईल असं कुंपणाचं एक मैदान आधी द्यायला हवं. नुसती बंदीची पाटी लावली तर मालक पहाटे सहाऐवजी पाचला येतील, एवढाच फरक पडेल.

पहिल्या भागाबद्दल बऱ्याच श्वानप्रेमींचा आक्षेप असतो की साखळी लावली की प्रश्न मिटला. रस्त्यापुरता तो मिटतो. माणसं, सायकलवाले, यवतेश्वर घाटात हिल मॅरेथॉनचा सराव करणारे धावपटू, यांच्यासाठी साखळी पुरेशी आहे. पाखरांसाठी ती पुरेशी नाही. 2007 मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या जंगलवाटांवर एक साधा प्रयोग झाला. काही वाटांवर साखळीला बांधलेला कुत्रा घेऊन माणूस चालला, काहींवर नुसता माणूस, काहींवर कुणीच नाही. कुणीच न गेलेल्या वाटांच्या तुलनेत कुत्रा गेलेल्या वाटांवर पक्ष्यांच्या जाती 35 टक्क्यांनी आणि पक्ष्यांची संख्या 41 टक्क्यांनी कमी भरली. नुसत्या माणसाचा परिणाम त्याच्या निम्म्याहून कमी होता. आणखी महत्त्वाचं म्हणजे जिथे कुत्री रोज फिरवली जात होती तिथले पक्षीही सरावलेले नव्हते. सिडनीची झाडं आणि पाखरं वेगळी, हे मान्य. पण जमिनीवर चरणाऱ्या पाखराच्या लेखी कुत्रा म्हणजे शिकारी, आणि ते त्याच्या गळ्यातली साखळी बघत बसत नाही.

कासचा मामला याहून नाजूक आहे. 2012 मध्ये पश्चिम घाटातली जी 39 ठिकाणं जागतिक वारशाच्या यादीत गेली त्यांत कास आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. ते पठार म्हणजे जांभ्याचा कातळ आणि त्यावर मातीचा पापुद्रा. काही ठिकाणी बोटभरसुद्धा माती नाही. या मातीत नत्र जवळजवळ नसतं, म्हणूनच तिथे दवबिंदू आणि सीतेची आसवं यांसारख्या कीटक खाऊन नत्राची गरज भागवणाऱ्या वनस्पती वाढतात. मातीच्या गरिबीवर त्यांचं राज्य चालतं. तिथे खत पडलं की फायदा होतो जोमदार गवताचा, आणि ही बारकी मंडळी त्याखाली दबून जातात.

कुत्रा हे खत आणतो. बेल्जियममधल्या गेंट शहरालगतच्या राखीव क्षेत्रांत कुत्र्यांची मोजणी करून 2022 मध्ये एक हिशेब मांडला गेला. तिथे कुत्र्यांच्या लघवी-विष्ठेतून दर वर्षी हेक्टरी सुमारे 11 किलो नत्र आणि 5 किलो स्फुरद जमिनीत जात होतं. शेतकऱ्याला हा आकडा किरकोळ वाटेल, ऊस याच्या कितीतरी पट खातो. पण कास म्हणजे उसाचा फड नव्हे. त्याच हिशेबात आणखी एक गोष्ट दिसली. सगळ्या मालकांनी शी उचलली तर स्फुरद 97 टक्क्यांनी घटतं, नत्र मात्र निम्म्याच्या थोडं वरच घटतं, कारण उरलेलं लघवीतून जातं आणि लघवी कुणी उचलू शकत नाही. आपल्याकडे कासला कुत्र्यांची तेवढी वर्दळ नाही, म्हणून तो आकडा जसाच्या तसा लावू नये. दिशा मात्र तीच.

यावर हमखास येणारा प्रश्न असा की पठारावर पिढ्यान् पिढ्या गाई-म्हशी चरल्या, त्यांचं शेण चालतं आणि कुत्र्याचं चालत नाही का? चालत नाही, आणि कारण सरळ आहे. म्हैस तिथलंच गवत खाते आणि तिथेच शेण टाकते, म्हणजे घरचं घरात राहतं. कुत्रा घरी भात, चिकन किंवा पोत्यातलं खाद्य खाऊन येतो आणि पठारावर मोकळा होतो. तो सगळा माल बाहेरून आलेला असतो. शिवाय पठारावरचं पाणी कुठे उतरतं हेही बघा. कास तलावाचं पाणी सातारा शहराच्या पश्चिम भागातल्या नळांना येतं.

म्हणून कासच्या फुलांच्या पठारावर पाळीव कुत्रा बाराही महिने नको. हंगामात फुलांमध्ये कुत्रा बसवून रील काढणाऱ्यांना हे आवडणार नाही, त्याला इलाज नाही. महादऱ्याच्या संवर्धन राखीव जंगलातही नको. यवतेश्वर-कास रस्ता, अजिंक्यताऱ्याचा डांबरी रस्ता, चार भिंती, कुरणेश्वर इथे कुत्रा जरूर न्यावा, पण साखळीला आणि डांबर किंवा मळलेली वाट न सोडता. एवढी वाटणी केली तरी फिरायला मुबलक जागा उरते.

वाट न सोडण्यात कुत्र्याचाही फायदा आहे, हे मालकांना सांगायला हवं. दिवाळीच्या सुमारास डोंगरावरचं कुसळी गवत पिकतं. कुसळाचं टोक भाल्यासारखं असतं आणि मागची शेपटी पीळ घातलेली. ओल लागली की पीळ सुटतो, वाळली की परत बसतो, आणि त्या फिरण्याने टोक स्क्रूसारखं आत शिरतं. निसर्गाने ही सोय बी मातीत रुजावं म्हणून केली, पण कुत्र्याच्या कानात, बोटांच्या बेचक्यात, पापणीखाली तीच यंत्रणा चालते. संध्याकाळी कुत्रा एकाच बाजूला डोकं झटकत असेल, पंजा सारखा चाटत असेल, तर कुसळ शोधा. कानात खोल गेलं असेल तर चिमटा घालू नका, डॉक्टरकडे न्या. चिघळलेलं कुसळ आठवड्याभरात पंजातून घोट्यापर्यंत सरकलेलं सापडतं. यात गोचीड आणि घोणस धरलेली नाही.

आणि बिबट्या. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने कुत्र्यांचा वाटा 39 टक्के निघाला. शेळ्यांचा त्याहून बराच कमी. साताऱ्याच्या डोंगरांत बिबट्या आहे, हे सांगायला तज्ज्ञ नको. दिवेलागणीनंतर यवतेश्वरच्या उतारावर सुटा सोडलेला पॉमेरेनियन त्याच्यासाठी काय आहे, हे मालकाने स्वतःलाच विचारावं.

आता साखळीबद्दल थोडं, कारण साखळी आहे पण उपयोगाची नाही असंच चित्र जास्त दिसतं. लोखंडी साखळी जड असते, हात कापते आणि झटका बसला की कुत्र्याच्या मानेला इजा करते. सहा फुटांची, बोटभर रुंदीची नायलॉन किंवा सुती पट्टी चांगली. आत-बाहेर होणारी गुंडाळीची दोरी डोंगरावर आणूच नये. ती पाच मीटर सुटते, बारीक असते, धावपटूच्या पायात अडकते आणि हाताने धरायला गेलात तर कातडी भाजते. पट्टीचं कडं मनगटात घालून अंगठ्याखाली दाबावं, बोटांना वेढे देऊ नयेत. मोठ्या कुत्र्याने ससा बघून झेप घेतली की वेढ्यातलं बोट जातं. ओढणाऱ्या कुत्र्याला गळपट्ट्याऐवजी छातीवर कडी असलेला हार्नेस घाला, म्हणजे ओढलं की तो आपसूक आपल्याकडे वळतो. घाटरस्त्यावर समोरून वाहनं येतील अशा बाजूने चालावं, कुत्रा वाहनांच्या विरुद्ध अंगाला ठेवावा. धावपटू आला की थांबायचं, कुत्रा पायामागे घ्यायचा, तो पुढे गेला की निघायचं. पाच सेकंदांचं काम.

आपल्या भागात कारवान आणि पश्मी कुत्री हौसेने पाळतात, जत-मुधोळच्या पट्ट्यातून ती साताऱ्यापर्यंत येतात. त्यांच्यासाठी वेगळी सूचना हवी. ही जात नजरेने शिकार करणारी आहे. दोनशे मीटरवर हललेला ससा दिसला की तिच्यासाठी मालकाचा आवाज जगातून नाहीसा होतो. ती अवज्ञा नसते, शेकडो वर्षांच्या निवडीने घडवलेला स्वभावच तो. शिवाय त्यांचं डोकं मानेपेक्षा अरुंद असतं, साधा पट्टा मागे सरकून निघतो. त्यांना ओढलं की आवळणारा पण ठरावीक मर्यादेपुढे न आवळणारा रुंद पट्टा लागतो. कितीही शिकवलं तरी कारवान उघड्या माळावर सुटा सोडण्याचा कुत्रा नाही. आणि सशामागे मुद्दाम सोडला तर ती वन्यजीव कायद्याखाली सरळ शिकार ठरते, "तो आपणहून गेला" हे म्हणणं टिकायचं नाही.

बाकीच्या कुत्र्यांना हाकेला येणं शिकवता येतं, पण त्यासाठी डोंगर ही जागा नव्हे. दहा मीटरची लांब दोरी हार्नेसला बांधायची, कधीही गळपट्ट्याला नाही. घरात, मग अंगणात, मग शांत गल्लीत, या क्रमाने जायचं. नाव एकदाच घ्यायचं. आला की उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा द्यायचा आणि लगेच "जा" म्हणून पुन्हा सोडायचा. बहुतेक मालक इथेच चुकतात. ते कुत्र्याला फक्त घरी न्यायच्या वेळी हाक मारतात, आणि मग हाक म्हणजे मजा संपली असा अर्थ कुत्रा पक्का करतो. उशिरा आला म्हणून रागावलात तर आणखी बिघडतं, कारण त्याच्या हिशेबी तो आल्याबद्दल मार खातो. दुसरी कुत्री समोर असताना दहापैकी नऊ वेळा आला, तर कुंपणाच्या आत तो सुटा सोडायला तयार.

पण कुंपणाच्या आत म्हणजे कुठे? इथे दुसरा भाग सुरू होतो.

कायदा कुत्रा पाळणाऱ्याकडून दोन गोष्टी मागतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 प्रमाणे, आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. तर 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम 11 म्हणतं की कायम साखळीला किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं ही क्रूरता आहे. म्हणजे सुटा सोडू नका आणि बांधूनही ठेवू नका. दोन्ही मागण्या रास्त आहेत. शाहूपुरी-गोडोलीतल्या फ्लॅटमध्ये जर्मन शेफर्ड पाळणाऱ्याला मात्र दोन्ही पाळण्यासाठी शहरात एक गुंठाही जागा नाही. दिवसभर गॅलरीत बांधलेला कुत्रा संध्याकाळी डोंगरावर सुटा सोडला जातो यामागे माजोरीपणा थोडा आणि ही कोंडी जास्त आहे.

अमेरिकेत बर्कली इथे 1979 पासून असं कुंपणाचं मैदान आहे. आपल्याकडे हैदराबादच्या महापालिकेने 2018 मध्ये कोंडापूरला 1.3 एकरांचं श्वान उद्यान उघडलं, त्यावर कोटीभर रुपये खर्च झाले. साताऱ्याला एवढ्या थाटाची गरज नाही. झुले, बोगदे, पुतळे यांवर एक रुपया घालू नये. कुत्र्याला पुतळ्याचं काय करायचं असतं ते सर्वांना ठाऊक आहे.

वीस गुंठे पुरतात. चाळीस बाय पन्नास मीटरची जागा धरली तर परीघ 180 मीटर होतो. त्यातले पंधरा गुंठे मोठ्या कुत्र्यांना, पाच गुंठे दहा किलोच्या आतल्यांना, मधे चाळीस मीटरची जाळी. एकूण 220 मीटर तारेची जाळी, हाच मुख्य खर्च. उंची सहा फूट ठेवावी, पाच फुटांवरून कारवान उभ्या उभ्या जातो. जाळी जमिनीशी संपवली की महिन्यात खालून बिळं पडतात, म्हणून खालचा एक फूट आतल्या बाजूला वळवून मातीखाली दाबावा. लहान कुत्र्यांच्या बाजूला खालचे दोन फूट बारीक जाळी हवी. कोपरे काटकोनात न ठेवता गोलाकार करावेत, कारण भांडण बहुधा कोपऱ्यात अडकलेल्या कुत्र्याचं होतं, ज्याला पळायला वाट उरत नाही.

फाटक मात्र दुहेरी हवंच, इथे तडजोड नको. आठ बाय आठ फुटांचा पिंजरा, बाहेरचं एक दार, आतलं एक दार, दोन्ही आपोआप मिटणारी. बाहेरचं मिटलं की पिंजऱ्यात साखळी काढायची, मग आतलं उघडायचं. आत साखळी लावून ठेवलेला कुत्रा सुट्या कुत्र्यांत अडकलेला असतो, त्याला पळता येत नाही हे त्याला कळतं आणि तो आधीच दात दाखवतो. म्हणून साखळी पिंजऱ्यातच सुटली पाहिजे. फाटक मैदानाच्या लांब बाजूच्या मध्यावर असावं आणि बसायची बाकडी त्यापासून लांब. नवा कुत्रा आत येताना जुने सगळे फाटकाशी गोळा होतात, निम्मी भांडणं तिथेच लागतात. बाकडी शेजारीच असली की माणसंही तिथेच थांबतात आणि गर्दी हलत नाही.

जमिनीचं बोलायचं तर हिरवळ लावू नये. लघवीने ती ठिपक्याठिपक्यांनी जळते आणि पहिल्या पावसात चिखल होतो. सखल भागात काळी माती असेल तर सहा इंच मुरूम टाकून रोलर फिरवावा, पन्नासला एक असा उतार द्यावा, फाटकाभोवती दहा फूट फरसबंदी करावी. मधल्या भागात आपली हरळी येईल तेवढी येऊ द्यावी, ती दोन इंचांच्या वर जाऊ देऊ नये म्हणजे गोचीड दडायला जागा राहत नाही. सावलीची जुनी झाडं असतील अशी जागा निवडावी. शोभेसाठी कण्हेर, बिट्टी, सायकस मात्र लावू नये, तिन्ही कुत्र्याला विषारी आहेत आणि नगरपालिकेच्या रोपवाटिकेतून नेमकी हीच येतात. पाण्याचा नळ कमी उंचीवर ठेवावा, सामाईक भांडं नको. एकाच भांड्यातून खोकल्याची साथ आठवड्यात सगळ्यांत फिरते.

आत काय चालायचं नाही, ते थोडक्यात. चार महिन्यांच्या आतलं पिल्लू, कारण पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू मातीत कित्येक महिने तग धरतो आणि पिल्लाच्या लसी तोवर पुऱ्या झालेल्या नसतात. माजावर आलेली कुत्री. खाऊ आणि चेंडू. एका माणसामागे दोनपेक्षा जास्त कुत्रे. एका कुत्र्यामागे एक गुंठा असा हिशेब धरून मोठ्या भागात एका वेळी पंधरापेक्षा जास्त कुत्रे. आणि मोबाईलमध्ये मान घातलेला मालक, ज्याला बाहेर काढण्याचा अधिकार रखवालदाराला असला पाहिजे. खेळ आणि भांडण यांतला फरक त्याला शिकवावा लागेल. खेळात पाठलाग करणारा आणि पळणारा आलटून-पालटून बदलतात. एकच कुत्रा सतत खाली, त्याची शेपटी पोटाखाली, आणि वरच्याची शेपटी ताठ, नजर रोखलेली, पाठीवरचे केस उभे, असं दिसलं की लगेच दोघांना वेगळं करावं. भांडण लागलंच तर तोंडाकडे हात नेऊ नये. दोन्ही मालकांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय उचलून गोल फिरत मागे न्यायचं, किंवा पाण्याचा पाइप मारायचा. काठीने मारलं तर पकड सुटत नाही, घट्ट होते.

एक गोष्ट श्वान उद्यानांचे उत्साही पुरस्कर्ते सांगत नाहीत. सगळ्या कुत्र्यांना ही जागा मानवत नाही. भित्रा, म्हातारा, पूर्वी मार खाल्लेला किंवा इतर कुत्र्यांशी न जमणारा कुत्रा पंधरा जणांत सोडणं म्हणजे त्याच्यावर अन्याय. डोंगरावर सर्वांत जास्त त्रास याच कुत्र्यांचा होतो. म्हणून रोज दुपारच्या दोन-तीन तासांत अर्ध्या-अर्ध्या तासाची एकट्याची वेळ राखून ठेवावी, नोंदणी करून. आमच्या मते सगळ्या योजनेत सर्वांत उपयोगी कलम हेच ठरेल.

विष्ठेचं काय करायचं हे आधी ठरलं नाही तर मैदान तीन महिन्यांत बंद पडतं. मध्यम आकाराचा कुत्रा दिवसाला पाव किलोच्या आसपास टाकतो. ते शेणासारखं खत नाही. गोलकृमींची अंडी त्यात असली तर ती दोन ते चार आठवड्यांनी संसर्गक्षम होतात आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतात. आकडीकृमीच्या अळ्या अनवाणी पायातून माणसाच्या कातडीत शिरतात. म्हणून शी ताजी असतानाच उचलायची, आणि कुत्र्याला दर तीन महिन्यांनी जंताचं औषध द्यायचं. पिशवी हातावर उलटी घालून उचलावं, गाठ मारावी आणि ती पिशवी कचरापेटीत जावी. उचललेली पिशवी झुडपाखाली "जाताना नेऊ" म्हणून ठेवणारे न उचलणाऱ्यांपेक्षा वाईट, कारण न उचललेली शी निदान पावसात विरते. पिशवीतली तशीच राहते. मैदानाच्या कडेला तीन फूट खोल, तळ पाण्याच्या पातळीच्या बराच वर असलेला खड्डा करून त्यात शी आणि लाकडाचा भुसा थरांत टाकला, तर ओला कचरा बराच घटतो. ते खत फुलझाडांना चालेल, भाजीला नाही. आणि विहीर-बोअरपासून साठ मीटरच्या आत असा खड्डा नको.

आता आक्षेप. पोरांना खेळायला मैदानं नाहीत आणि तुम्ही कुत्र्यांना वीस गुंठे मागता? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मुलांचं एखादं मैदान घेऊन कुत्र्यांना द्यायचं असेल तर आमचाही त्याला विरोध राहील. पण उच्चदाबाच्या तारांखालच्या, जलशुद्धीकरण किंवा मैलाशुद्धीकरणाच्या आवाराशेजारच्या, जिथे बांधकामही होत नाही आणि बागही, अशा पट्ट्या प्रत्येक शहरात असतात. तिथे मुलं खेळत नाहीत, राडारोडा पडतो. मोठ्या लेआउटमध्ये सोडाव्या लागणाऱ्या दहा टक्के मोकळ्या जागेतही कोपऱ्यातला एखादा तुकडा कुंपण घालून देता येईल, सोसायटीची तयारी असेल तर.

श्रीमंतांचे चोचले, हा दुसरा. त्याचं उत्तर पावतीपुस्तकात आहे. पाळीव कुत्र्याची नोंदणी, रेबीज लसीचा दाखला आणि वार्षिक शुल्क, एवढ्यावर गळ्यात घालायचा क्रमांकाचा बिल्ला द्यावा, आणि मैदानात बिल्ल्याशिवाय प्रवेश नाही. म्हणजे रखवालदाराचा पगार त्यातून निघावा असं शुल्क ठरवता येतं. आणि आज कुणाकडे किती कुत्री, किती लसवंत, याची यादी कुणाकडेही नाही, ती आपसूक तयार होईल. बिल्ल्याच्या मोबदल्यात काहीतरी मिळतंय म्हटल्यावरच माणूस नोंदणीला येतो. नुसत्या नोटिशीने येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड: पाळीव कुत्र्यांचं एवढं पुराण, पण डोंगरावरच्या भटक्यांचं काय? इथे आपल्याच चांगुलपणाशी दोन शब्द बोलायला हवेत. गडाच्या वाटेवर दर वळणाला कुणीतरी ग्लुकोज बिस्किटांचा पुडा फोडतो. भावना चांगली असते. पण डोंगरावर कुत्र्यांना पोसण्याइतकं अन्न मुळात नाही. रोजच्या बिस्किटांमुळे तिथे टोळी टिकते, वाढते, आणि ज्या दिवशी पाऊस असतो, फिरणारे येत नाहीत, त्या दिवशी ती टोळी मोराच्या पिलांवर आणि भेकराच्या पाडसावर जाते. तिच्यामागे बिबट्या खाली येतो. आणि या टोळ्यांत डिस्टेम्पर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगाची साथ आली तर ती कुत्र्यांपुरती राहत नाही. 1994 मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत याच रोगाने सुमारे एक तृतीयांश सिंह गेले, 2018 मध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह मेले तेव्हाही तपासणीत तोच विषाणू सापडला. आपल्याकडे सिंह नाहीत, पण कोल्हा, उदमांजर, बिबट्या आहेत.

भटक्यांसाठी 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम आहेत: पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस द्या, जिथून उचललं तिथेच सोडा. खाऊ घालण्याच्या जागा ठरवून द्याव्यात, त्या मुलांच्या खेळण्यापासून आणि वर्दळीपासून लांब असाव्यात, हेही त्यात आहे. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही रस्त्यावर कुठेही खाऊ घालू नका, जागा नेमून द्या असं म्हटलं. त्या जागा गावात, वस्तीच्या कडेला असाव्यात. गडावर आणि घाटात एकही नसावी. ज्याला खाऊ घालायचंय त्याने पायथ्याला, ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या वेळी घालावं, आणि त्याच वेळी नसबंदी झालेल्यांची खूण, म्हणजे कापलेलं कानाचं टोक, बघून उरलेल्यांची माहिती पशुवैद्यकीय विभागाला द्यावी. खाऊ घालणाऱ्यांइतकी नेमकी माहिती दुसऱ्या कुणाकडे नसते, म्हणून त्यांना शत्रू करण्यात अर्थ नाही.

चावलंच तर काय, हे डोंगरावरच्या प्रत्येक पाटीवर असावं. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही, टाके घालायची घाई करायची नाही, आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, लागतं, ते शासकीय रुग्णालयात मागून घ्यायचं. कुत्रा पाळीव आहे, लसवंत आहे, म्हणून थांबायचं नाही.

हे सगळं एकदम होणार नाही, आणि तशी गरजही नाही. नगरपालिकेचं अंदाजपत्रक फेब्रुवारीत येतं, त्याआधी जागेचा नकाशा आणि 220 मीटर जाळीचं दरपत्रक घेऊन वॉर्डातल्या कुत्रापाळ्यांनी एकत्र जावं. पावसाळ्यापूर्वी मैदान उघडलं तर पहिली परीक्षा चिखलाची होईल, ती झालेली बरी. मैदान सुरू झाल्यावर तीन महिने गडावर नुसती समज द्यावी, चौथ्या महिन्यापासून दंड. हा क्रम उलटा केला, आधी दंड आणि मग मैदान, तर पावत्या फाटतील आणि कुत्री रात्री सुटतील. कासच्या पठारासाठी मात्र कुणाची वाट बघायला नको. तिथल्या गावांच्या वन व्यवस्थापन समित्या तिकीटखिडकीवरच गाडीतल्या कुत्र्याला थांबवू शकतात. त्यासाठी फक्त एक पाटी, सावलीत बांधायला एक शेड, पाण्याचा एक नळ आणि त्याच्याजवळ बसणारा गावातला एखादा मुलगा, तासाला ठरलेल्या पैशांवर.